पाखरांसाठी डोंगर चढलेला माणूस : डॉ. सलीम अली

ऊन तापू लागले की वर्तमानपत्रांत थंड हवेच्या ठिकाणांच्या सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. सिमला, कुलू-मनाली, नैनिताल, दार्जिलिंग. गाडीभाडे, राहणे, जेवणखाण धरून माणशी इतके हजार. आपल्या सोलापुरातल्या पुष्कळ घरांत ही जाहिरात वाचली जाते आणि त्याच कागदात दुसऱ्या दिवशी भाकरी बांधली जाते. आपली सुट्टी म्हणजे मामाचे गाव, जानेवारीतला सिद्धेश्वराचा गड्डा, फार तर तुळजापूर नाहीतर पंढरपूर. माझी आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर आहेत. आमच्या घरात सुट्टीला सुट्टी म्हणत नाहीत, खाडा म्हणतात. खाडा झाला की तेवढे पैसे कमी.

मग डोंगरावर हवा खायला जायचे ही कल्पना आली तरी कुठून? ती साहेबाची. आपला उन्हाळा त्याला सोसेना, म्हणून त्याने डोंगरमाथे शोधून काढले. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२९ च्या सुमारास, महाबळेश्वर वसले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने माथेरान हेरले. १८६४ पासून तर हिंदुस्थानचे सरकारच उन्हाळ्यात सिमल्याला जाऊन बसू लागले. तिथे साहेब काय करी? घोड्यावर रपेट, चहा, नाच आणि शिकार. डोंगरातले पाखरू हे बंदुकीने पाडायचे आणि संध्याकाळी टेबलावर घ्यायचे, एवढाच त्याचा उपयोग. अपवाद होते, पण ते अपवादच.

याच डोंगरात बंदुकीऐवजी दुर्बीण आणि वही घेऊन जावे, सुट्टीतला माणूस सकाळी ओढ्याकाठी नुसता बसून राहावा आणि समोर आलेल्या पाखराचे नाव त्याला सांगता यावे, असे ज्यांनी मनात धरले आणि त्यासाठी पुस्तके लिहिली, त्यांचे चरित्र मी इथे थोडक्यात सांगणार आहे. डॉ. सलीम अलींचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पक्षितज्ज्ञ, पद्मविभूषण, प्रश्नाला दोन गुण. पण त्या दोन गुणांच्या मागे एक बेकार, पदवी नसलेला तरुण उभा आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते सर्वांत धाकटे मूल. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणाऱ्या अमिरुद्दीन तय्यबजी या मामांनी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. घर सुखवस्तू होते, माणसांनी भरलेले होते. पुढे स्वातंत्र्यलढ्यात नावाजलेले अब्बास तय्यबजी हेही नात्यातलेच.

मामांना शिकारीची आवड. त्यांनी भाच्याला छर्ऱ्याची बंदूक दिली. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एके दिवशी एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. आता मुसलमानाच्या घरात ही असली वेगळी चिमणी खाल्लेली चालते की नाही, असा प्रश्न पडला. मामांना उत्तर देता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत पाठवले. ही संस्था १८८३ मध्ये आठ जणांनी मिळून काढली होती आणि त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, हे आपण विसरू नये. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी त्या बिचकलेल्या मुलाला हाकलून दिले नाही. चिमणी ओळखून दिली, ती रानचिमणी होती. मग एकामागून एक कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेली शेकडो पाखरे दाखवली. हिंदुस्थानात इतक्या जातींची पाखरे आहेत हे त्या मुलाला त्या दिवशी समजले. एका मोठ्या माणसाने अर्धा तास काढून लहान मुलाला कपाट उघडून दाखवले, एवढीच ही गोष्ट. आपल्याकडे किती कपाटांना कुलपे असतात!

अभ्यासात मात्र सलीम यथातथाच होते. तेराव्या वर्षी डोकेदुखी जडली, शाळा बुडू लागली. कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवले. १९१३ साली ते मॅट्रिक झाले, तेही कसेबसे. सेंट झेवियर्समधले पहिले वर्ष जड गेले आणि त्यांनी कॉलेज सोडले. घरच्यांचा ब्रह्मदेशात तव्हॉय भागात वुल्फ्रॅमच्या खाणींचा आणि लाकडाचा धंदा होता, तो बघायला ते गेले. तव्हॉयभोवती दाट जंगल. धंद्याकडे किती लक्ष दिले हे त्यांचे त्यांना ठाऊक, पाखरे मात्र भरपूर पाहिली. १९१७ मध्ये परत आले, तेव्हा हातात ना धंदा ना शिक्षण.

मग दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकणे सुरू झाले. सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर नावाचे स्वित्झर्लंडचे जेझुइट प्राध्यापक होते, वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांनी या तरुणाची खरी ओढ ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकायला लावले. सकाळी हिशेब, नंतर प्राणिशास्त्र असे दिवस गेले. पण विद्यापीठाची रीतसर पदवी अशी मिळाली नाही ती नाहीच. पुढे सरकारच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून ती हुकली. ज्या माणसाच्या पुस्तकांवरून पुढे पदवीधर तयार व्हायचे होते, त्याला पदवीअभावी दार बंद! यावर आम्ही काही मैत्रिणी बराच वेळ बोललो. एकीचे म्हणणे, मग पदवीला अर्थ काय? मला ते पटत नाही. त्यांना पदवीवाचून तग धरता आला कारण मागे तय्यबजींचे घर होते. माझ्यासारखीच्या मागे पदवीशिवाय दुसरे काय आहे? चरित्रे वाचताना थोर माणसाची हलाखी आणि आपली हलाखी यांत फरक करायला शिकले पाहिजे, असे मला वाटते.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी तहमिना नात्यातलीच. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागात गाइड लेक्चरर म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये. त्या काळी हा पगार लहान नव्हे. दोन वर्षे त्यांनी पेंढा भरलेल्या पाखरांसमोर लोकांना व्याख्याने दिली आणि कंटाळले. १९२८ मध्ये रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे विद्यापीठाच्या म्युझियममध्ये, प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली ते शिकले. तोवर पक्षिशास्त्र म्हणजे मेलेल्या पाखराचे पंख मोजणे. जिवंत पाखरू काय करते, कसे जगते, कुठून येते आणि कुठे जाते, हे पाहण्याची नवी दृष्टी त्यांना इथे मिळाली. हेलिगोलँड बेटावर स्थलांतर करणाऱ्या पाखरांच्या पायांत कडी घालण्याचे काम त्यांनी पाहिले.

१९३० मध्ये मुंबईस परतले तर म्युझियममधली जागाच पैशाअभावी रद्द झालेली. वय चौतिसाच्या घरात, हातात परदेशचे शिक्षण आणि नोकरी नाही. मुंबईतला खर्च झेपेना म्हणून नवराबायकोंनी अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठी बिऱ्हाड केले.

किहीमला घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाला वेळच वेळ. पावसाळाभर ते आडोशाला बसून सुगरणीचे घरटे बघत राहिले. आपण समजतो की सुगरण मादी घरटे विणते. त्यांनी पाहिले ते वेगळेच. घरटे विणतो तो नर. तो ते अर्धेच विणतो आणि थांबतो. माद्यांचा घोळका येतो, घरे तपासतो. एखादीला घर पसंत पडले तर ती आत राहते, मग नर उरलेले काम पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घर विणायला घेतो, दुसरीसाठी. न पसंत पडलेली घरे तशीच लोंबत राहतात. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि अलींचे नाव जाणकारांत झाले. आपल्या खेड्यापाड्यांत विहिरीवरच्या बाभळीला अशी घरटी शेकड्यांनी असतात, त्यांखालून आपण घागर भरून येतो.

नोकरी नाही तर नाही, पण काम हवे. त्यांनी एक युक्ती काढली. संस्थानिकांच्या मुलखात पाखरांची पाहणी झालेली नव्हती. मी पगार घेणार नाही, तंबू, प्रवास आणि माणसांचा खर्च तेवढा द्या, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानची पाहणी सुरू झाली. हैदराबाद संस्थान म्हणजे आपल्या दारातले. तुळजापूर, नळदुर्ग तेव्हा निजामाकडेच होते. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकेक संस्थाने झाली. बैलगाडी, तंबू, कंदील. पहाटे उठून रानात, दुपारी नमुने तयार करणे, रात्री डायरी. नमुने म्हणजे मारलेली पाखरे, हेही सांगितले पाहिजे. पाखरांवर जीव लावणाऱ्या या माणसाने पुष्कळ पाखरे बंदुकीने पाडली. त्या काळी जात नक्की करायला दुसरा मार्ग नव्हता, हे खरे. तरी वाचताना मला ते खटकले आणि खटकले असे लिहायला हरकत नाही.

या सगळ्या फिरतीत तहमिना बरोबर होत्या. त्या विलायतेत शिकलेल्या, इंग्रजी वाङ्मयाची चांगली जाण असलेल्या. ज्या बाईने मुंबईत दिवाणखाना सांभाळायचा तिने जंगलात तंबूची व्यवस्था सांभाळली. सलीम अलींचे इंग्रजी इतके सुबक, त्यामागे तहमिनाबाईंचा हात होता असे मानतात. चरित्रग्रंथांत त्यांना जेमतेम दोन-चार परिच्छेद मिळतात. पगार दोघांनाही नव्हता, परंतु नाव एकाचे झाले. मला तहमिनाबाईंविषयी आणखी वाचायला मिळाले असते तर फार आवडले असते.

आता हिमालयाकडे येऊ. तिसाच्या दशकात काही वर्षे हे जोडपे डेहराडूनला राहिले. वर मसुरी, पलीकडे कुमाऊँचे डोंगर, खाली तराईचे जंगल. सुट्टीसाठी लोक जिथे आठ दिवस जातात तिथे हे राहायलाच गेले. या मुलखात त्यांना दोन पाखरांचा ध्यास लागला होता. एक म्हणजे फिनची सुगरण. नैनितालजवळ काळाढुंगी इथे ह्यूमसाहेबांना (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) ती १८६६ मध्ये मिळाली होती. नंतर त्या भागात तिचा पत्ता नव्हता. सलीम अलींनी कुमाऊँच्या तराईत तिची वस्ती पुन्हा शोधून काढली. दुसरा पक्षी म्हणजे पहाडी लावा. मसुरी आणि नैनिताल या दोन हवेशीर गावांच्या आसपासच्या गवताळ उतारांवरच तो कधीकाळी मिळाला होता, आणि १८७६ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नाही. तो मात्र सलीम अलींना सापडला नाही. आजही कुणाला सापडलेला नाही. ज्या उतारांवर साहेबलोक सहलीला जात त्याच उतारांवरून एक अख्खी जात नाहीशी झाली असावी आणि चहा पिता पिता कुणाच्या लक्षातही आले नसावे, या विचाराने अंगावर काटा येतो.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमिनाबाई वारल्या. सलीम अली त्या वेळी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. मूलबाळ नव्हते. मुंबईला पाली हिलवर बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि पुढचे आयुष्य त्यांनी कामात घातले. १९४१ साली त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' निघाले. रंगीत चित्रे, साधी भाषा, पाखरू कुठे दिसेल, काय खाते, घरटे कुठे करते, एवढेच. हे पुस्तक पंडित नेहरूंकडून नैनी तुरुंगात असलेल्या इंदिरा गांधींपर्यंत पोचले होते. भिंतीआड राहून पाखरे ओळखायला शिकलेली ही मुलगी पुढे पंतप्रधान झाली आणि सलीम अलींचा शब्द दिल्लीत ऐकला जाऊ लागला, त्याचे बीज कदाचित इथे असेल.

१९४५ मध्ये ते कैलास-मानससरोवराला गेले. आपल्याकडे या यात्रेला माणूस निघाला की घरचे निरवानिरव करून घेतात. मानससरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, आपले सोलापूर जेमतेम साडेचारशे. हवा इतकी विरळ की चार पावले चालले की दम लागतो. बाकीचे यात्रेकरू परिक्रमा करीत, हे पाखरे मोजीत. आपल्या या प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला आणि त्यालाही पक्षिशास्त्राची तीर्थयात्रा असेच म्हटले. त्यात थट्टा किती आणि भाव किती, कोण सांगणार!

या यात्रेशी आपला सोलापूरकरांचा संबंध आहे, तो असा. तिबेट-लडाखच्या या उंच सरोवरांकाठी पट्टकादंब नावाचा हंसासारखा पक्षी वीण करतो. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. थंडी पडली की तो हिमालय ओलांडून दक्षिणेस येतो. त्याच्या रक्तात विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद असते, त्यामुळे सात हजार मीटरवरूनही तो उडालेला नोंदला गेला आहे. आणि उतरतो कुठे? उजनी जलाशयावर, आपल्या हिप्परग्याच्या तलावावर. म्हणजे ज्याला पाहायला सलीम अलींसारखे लोक दम टाकत कैलासापर्यंत चढले, तो डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बिनभाड्याने येतो. सप्टेंबर लागला की डबक्याकाठी शेपूट हलवीत येणारा करडा धोबीही हिमालयातूनच येतो. डोंगरावर जाणे परवडत नाही त्याच्याकडे डोंगरच खाली येतो, असे म्हटले तरी चालेल.

१९४९ साली सलीम अलींचे 'इंडियन हिल बर्ड्‌स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रे जी. एम. हेन्री यांची. माझ्या मते त्यांच्या लहान पुस्तकांत हे सर्वांत प्रेमळ. देश नुकताच स्वतंत्र झालेला. साहेब गेला होता, त्याची डोंगरावरची घरे उरली होती आणि तिथे आता आपलीच माणसे सुट्टीसाठी जाऊ लागली होती. नुसते हवा खाऊन आणि पत्ते खेळून परत येऊ नका, बाहेर पडा, असे जणू हे पुस्तक त्यांना सांगते. डोंगर चढताना झाडे बदलतात तशी पाखरे बदलतात. पायथ्याला सालाचे वन, त्यावर ओक आणि बुरांस, त्यावर देवदार, आणि झाडांची रेघ संपली की बुग्याल म्हणजे नुसती गवताची कुरणे. दर मजल्याला बिऱ्हाडकरू वेगळे. ओढ्याच्या खडकावर पहाटे माणसासारखी शीळ घालणारा निळाकाळा कस्तूर, वरच्या जंगलात नऊ रंगांचा मोनाल. हिवाळ्यात बर्फ पडले की वरचे बिऱ्हाडकरू खाली उतरतात आणि उन्हाळ्यात पुन्हा वर जातात. आणखी एक गंमत म्हणजे मिश्र टोळ्या. जंगलात अर्धा तास चिटपाखरू दिसत नाही आणि एकदम पाच-दहा जातींची पाखरे एकत्र येतात, कुणी खोड टोकरतो, कुणी पानामागे शोधतो, कुणी उडते किडे पकडतो, आणि पाच मिनिटांत सारी टोळी पुढे निघून जाते. भांडण नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली. हे पाहायला पैसे लागत नाहीत. एका जागी गप्प बसता आले पाहिजे, आणि तेच आपल्याला जमत नाही.

ते स्वतः गप्प बसत, पण स्वभाव मवाळ नव्हता. छावणीत घोरणाऱ्या माणसाची त्यांना चीड होती. त्याचा तंबू लांब ठोकायला लावत, असे बरोबर राहिलेले सांगतात. नेमलेल्या वेळी हजर नसणारा आणि न पाहता लिहिणारा त्यांना खपत नसे. मोटारसायकलचे वेड तर असे की १९५० मध्ये स्वीडनला उप्साला इथे पक्षितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा त्यांनी आपली सनबीम गाडी बरोबर युरोपात नेली. त्या वेळी वय त्रेपन्न! सडपातळ बांधा, गोल टोपी, गळ्यात दुर्बीण. सिंगापूरचे धनिक आणि पक्षिछायाचित्रकार लोक वान थो यांच्याबरोबर त्यांनी हिमालयात अनेक फेऱ्या केल्या. १९६२ मध्ये सिक्कीमच्या पाखरांवर पुस्तक निघाले. मग भूतान झाले. १९७७ मध्ये पूर्व हिमालयाच्या पाखरांची मार्गदर्शिका आली तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. मधल्या काळात अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारत-पाकिस्तानच्या पाखरांचा दहा खंडांचा ग्रंथ झाला. पहिला खंड १९६८ चा, दहावा १९७४ चा.

मानसन्मानांची यादी मोठी आहे, ती मी देत बसत नाही. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक. ज्याला विद्यापीठाने पदवी दिली नव्हती त्याला अलिगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिली. गेटी पारितोषिकाचे एक लाख डॉलर मिळाले. स्वातंत्र्यानंतर सोसायटीच बंद पडायची वेळ आली होती तेव्हा नेहरूंना लिहून त्यांनी ती तगवली. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे तळे आणि केरळातली सायलेंट व्हॅली वाचली यात त्यांचा मोठा वाटा आहे.

एका बाबतीत मात्र त्यांचे ऐकले गेले नाही. राष्ट्रीय पक्षी कोणता हे ठरत होते तेव्हा त्यांचे मत माळढोकाच्या बाजूने होते. मोर सर्वत्र आहे, देखणा आहे, त्याला धोका नाही. माळढोक मुख्यतः आपल्या देशाच्या माळांवर उरला आहे आणि संपत चालला आहे, असा त्यांचा हिशेब. १९६३ मध्ये मोर ठरला. माळढोकाचा माळ म्हणजे आपला नान्नजचा माळ, बार्शी रस्त्यावर, सोलापुरापासून वीस-बावीस किलोमीटर. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या पक्षीप्रेमींनी या पाखराकडे लक्ष वेधले. १९७९ मध्ये अभयारण्य झाले, ऐंशीच्या दशकात सोसायटीच्या संशोधकांनी इथे राहून अभ्यास केला. आता देशात सगळे मिळून दीडशेच्या आत माळढोक आहेत आणि बहुतेक राजस्थानात. नान्नजला काळवीट भरपूर दिसतात. माळढोक दिसला तर ती बातमी होते. अभयारण्याच्या नियमांपायी जमिनीचे व्यवहार अडले म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, त्याही खोट्या नव्हत्या. शेवटी अभयारण्याचे क्षेत्र पुष्कळ कमी करण्यात आले. पाखरू आणि पोट यांचा हा तंटा कसा सोडवायचा ते मला उमगलेले नाही.

सलीम अली १९८७ मध्ये मुंबईत नव्वदाव्या वर्षी वारले. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांचे आत्मचरित्र निघाले होते, त्याच्या नावातही ती पहिली चिमणी आहे. महाराष्ट्रात आता ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. १२ तारीख सलीम अलींच्या जन्माची. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, ते १९३२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले, जंगलखात्यात आयुष्य काढून २०२५ मध्ये सोलापुरातच वारले. सप्ताहाचे एक टोक असे आपल्या गावात आहे.

२०१६ साली पूर्व हिमालयातल्या एका कस्तुराला सलीम अलींचे नाव देण्यात आले. त्याची कथा अशी की तिथे एकसारखे दिसणारे कस्तूर होते आणि सारे एकच समजले जात. एक झाडांची रेघ संपल्यावर वरच्या खडकाळ कुरणांत राहतो, दुसरा खाली सूचिपर्णी जंगलात. पंख, रंग यांवरून फरक करणे अवघड. पण ऐकणाऱ्यांना जाणवले की वरचा खरखरीत गातो आणि खालचा गोड. मग तपासले, तर जाती वेगळ्या निघाल्या. जंगलातल्या गोड गळ्याच्या कस्तुराला सलीम अलींचे नाव मिळाले. तो गातो मे-जूनमध्ये, म्हणजे आपल्या परीक्षा संपून निकाल लागायचा असतो त्या दिवसांत.